घ्या की थेरडे

आमच्या घरात कुणी कुणाला नीट नावानं हाक मारली, की समजावं काहीतरी बिनसलंय. एरवी मी भवानी, दादा मुडदा, गोठ्यातली म्हैस सटवी आणि आप्पांची थोरली बहीण जनाआत्या थेरडी. ही सगळी नावं आईनं ठेवलेली. पहाटे चुलीला जाळ घातला, की जाळाबरोबर तिचं तोंडही पेटायचं. “ए भवाने, उठतीस का वतू डोक्यावर पानी?” माझा दिवस रोज याच हाकेनं उजाडायचा आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट ती कधी शांतपणे “शालन, जरा हिकडं ये” म्हणाली, तर मी आधी दाराकडं बघायचे. मग नक्की फुटलेली बरणी सापडलेली असायची, नाहीतर उशीखाली लपवलेलं मासिक. आई रागावली की शिव्या बंद करायची. ती अहोजाहोवर आली, की आप्पासुद्धा टोपी घालून वावराकडं निघायचे.

वडगाव रासाईच्या शिवारात भीमेच्या कडेला आमची वस्ती होती. मेथी, घेवडा, बांधाकडेनं झेंडू. दुपारी मेथी उपटून पडवीत ढीग पडायचा आणि आम्ही बायका जुड्या बांधायला बसायचो. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याच्या पट्ट्या काढायच्या, मूठभर मेथी घ्यायची, बुडखा आपटून सारखा करायचा आणि गाठ मारायची. हाताला हिरवा वास चिकटायचा, तो रात्रीच्या भाकरीलाही यायचा. पण मला त्या दुपारी आठवतात त्या आवाजासाठी. “थेरडे, हात चालीव. का मसणात जाऊन बांधनार हायेस?” आई म्हणायची. आत्या मान वर न करता म्हणायची, “तुला पोचवीन आन् मगच जाईन भवाने. तुझ्या तेराव्याचं जेवल्याबिगर मी कुठं जात न्हाई.” मग दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. आम्हीही हसायचो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, इथं आता डोकी फुटणार.

आत्या फार लहान वयात विधवा होऊन भावाच्या घरी परत आली होती. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला ओवाळायची सोय आत्याला नव्हती, म्हणून ती चुलीपाशी बसून राहिली होती, आणि आईनं माप ओलांडल्यावर आधी तिलाच शोधलं होतं. हे दोघीही सांगायच्या, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. आत्या खायची फार कमी. भावाच्या घरी आपण हात राखून जेवावं, असं तिच्या मनानं घेतलेलं होतं. एक भाकरी झाली, की ताटावर हात आडवा धरायची. आईनं सुरुवातीला आक्का घ्या, आक्का घ्या करून पाहिलं म्हणे, पण आत्या ऐकायची नाही. मग एक दिवस वैतागून आई म्हणाली, “घे की थेरडे, भूक काय मसणात न्यायची हाय?” आत्या हसली आणि तिनं हात बाजूला घेतला. त्या दिवसापासून ती रीतच पडली. शिवी आल्याशिवाय आत्याच्या घशाखाली दुसरी भाकरी उतरत नसे. आता म्हातारपणी मला कळतं, की ज्या घरात आपल्याला हक्कानं शिवी देतात त्या घरात आपण आश्रित नसतो, एवढंच ते होतं. तेव्हा मला ती नुसती गंमत वाटायची.

दादाचं लग्न झालं आणि नलिनीवहिनी आली. नदीपल्याडची, दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते. क्वार्टरमध्ये नळाचं पाणी, दाराला पडदा आणि घरात सगळे एकमेकांना अहोजाहो करणारे. चौथ्या दिवशी दूध उतू चाललं तेव्हा आई ओरडली, “अगं सटवे, डोळं फुटलं का तुझं?” वहिनीनं दूध उतरवलं, भांडं झाकलं आणि कणगीआड जाऊन रडत बसली. आईला त्याचा पत्ताच नाही. ती आनंदात होती. सून चार दिवसांत सटवी झाली म्हणजे घरची झाली, असा तिचा हिशेब. मी कणगीआड गेले.

“वन्सं, माझं काय चुकलं?” वहिनीनं विचारलं. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून ती मला वन्सं म्हणायची.

“काय न्हाई चुकलं. आई जिला शिव्या देत न्हाई ती तिची कुणी नसती. तुला सटवी म्हनली ना? मंग पेढे वाट.”

ती नाक पुसत हसली. तिथून मी तिची मास्तरीण झाले. विहिरीवर धुणं धुताना मी तिला एकेक शब्द द्यायचे आणि ती तो शाळेत कविता म्हणावी तसा म्हणायची. तिच्या तोंडचं अहो काही सुटायचं नाही. “अहो भवाने, साबण द्या,” म्हणायची आणि मी धुणं सोडून पोट धरून बसायचे. महिन्याभरानं एकदा पाठीत धपाटा घालून ती पहिल्यांदा म्हणाली, “ए भवाने, सरक तिकडं.” त्या दिवशी मला सख्खी बहीण मिळाली. तेव्हापासून एकट्या असलो की आम्ही दोघी भवान्याच. आईसमोर मात्र ती तोंड उघडत नसे. जुड्या बांधताना खाली मान घालून ऐकायची, हसायची.

एक गोष्ट मी तिला शिकवली नाही. शिवी वरच्यानं खालच्याला द्यायची असते, नाहीतर बरोबरीच्यानं बरोबरीच्याला. सुनेनं वर बघून द्यायची नसते. आणि परकं माणूस दारात असलं, की आईसुद्धा आत्याला आक्का म्हणायची. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता, पण मला तो नावासारखा पाठ होता. शिक्रापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते आता मी. वरच्या मजल्यावर कंपनीत कामाला जाणारी चार बिहारी पोरं भाड्यानं राहतात. जिन्यातून उतरताना एकमेकांना साला म्हटल्याशिवाय त्यांची पायरी उतरत नाही. त्यातल्या एकाला त्याच्या सुपरवायझरनं सगळ्या लाइनीसमोर साला म्हटलं, तर तो दोन दिवस कामावर गेला नाही. जिन्यात बसून राहिला होता. त्याला चहा देताना मला वहिनीच आठवली.

तर मी मॅट्रिक झाले होते आणि शिरूरच्या कॉलेजात जायचं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. आप्पा नको म्हणत नव्हते, हो पण म्हणत नव्हते. तेवढ्यात आत्यानं पाबळचं स्थळ आणलं. तिच्या सासरकडच्या नात्यातलं, जमीनजुमला असलेलं. आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या घराला आपण काहीतरी देतोय, म्हणून आत्या हरखून गेली होती. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं. मी दोन दिवस जेवले नाही, पण लग्नाळू पोरीचं न जेवणं कोण मोजतं. रुसली असंल, म्हणाले.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी पुरणाची डाळ निवडत बसली होती. तिला वाढायचं काम दिलं होतं आणि ती घाबरली होती. “ए भवाने, पंगतीत आत्याबाईपण बसणार आहेत ना पाहुण्या बायकांच्या सोबतीला? त्यांना आग्रह कसा करू? घ्या म्हटलं की त्या हात आडवा धरतात. पाहुण्यांना वाटायचं, घरच्या म्हातारीला कुणी विचारत नाही.”

इथं मला थांबावं लागतं. गेली कितीतरी वर्षं मी हे सांगताना म्हणत आले, की मी लहान होते, थट्टेत बोलून गेले. तसं नाही. मी डाळीतला खडा काढला, अंगणात टाकला आणि मग बोलले. तेवढा वेळ मी विचार केला होता. मी म्हणाले, “रोज आई करती तसाच कर की. अगदी तसाच. आत्याला बरं वाटंल. आन् आईला कळंल, पोरगी घरची झाली.” वहिनीनं विचारलं, “पाहुण्यांसमोर चालेल?” मी म्हणाले, “तवाच तर करायचा. त्येनला बी दिसूदे, घरात किती माया हाय ती.” तिचा चेहरा उजळला. स्थळ मोडलं तर मोडावं आणि माझ्यावर काही येऊ नये, एवढाच माझा मतलब होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, तर जो आपल्यावर विश्वास ठेवतो त्याचाच खांदा हाताशी लागतो.

पुरुषांची पंगत उठली आणि बायका बसल्या. मुलाची आई, तिची जाऊ, दोन म्हाताऱ्या आणि कडेला जनाआत्या. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, कुरडया, भजी. मी सैपाकघराच्या दारात गुळवणीचं भांडं घेऊन उभी होते. मुलाची आई मला निरखत होती आणि आत्या तिला माझे गुण सांगत होती, शिवण येतं, निवडणं-टिपणं येतं, उलटून बोलत नाही. एक पोळी झाल्यावर तिनं सवयीनं ताटावर हात आडवा धरला. वहिनी पोळीचं ताट घेऊन वाकली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सावरून, खणखणीत आवाजात, अगदी आईच्या चालीवर ती म्हणाली, “घ्या की थेरडे, भूक काय मसणात न्यायची आहे?”

पंगतीतली कुरडई चावायचा आवाजसुद्धा बंद झाला. मुलाच्या आईनं घास तसाच ठेवला. वहिनी अजून हसत होती, ताट पुढं धरून. आत्या पाहुण्यांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं ते मी कधी विसरले नाही. एवढा वेळ ती त्या घरातलं मोठं माणूस होती. आता सगळ्यांना दिसत होतं, की ती भावाच्या दारात पडलेली म्हातारी आहे आणि कालची सूनसुद्धा तिला थेरडी म्हणते. तिनं ताटाला नमस्कार केला आणि अर्ध्या जेवणावरून उठली. आमच्यात भरल्या ताटावरून उठणं म्हणजे घर सोडण्यासारखंच. आई पुढं झाली. मला वाटलं, आता ती शिव्यांचा पट्टा सोडणार. पण ती अगदी हळू बोलली. “सूनबाई, ताट खाली ठेवा. तुम्ही आत जा.”

ते ‘तुम्ही’ ऐकून मी गुळवणीचं भांडं खाली ठेवलं. तोवर वहिनीलाही आमच्या घरातल्या तुम्हीचा अर्थ कळायला लागला होता.

पाहुणे गोड बोलून गेले आणि पाबळहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आत्यानं अन्न सोडलं. आई तिच्यापाशी बसून समजूत घालत होती. “आवं आक्का, मी न्हाई का रोज म्हनत तुमाला?” आत्या भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “तू म्हन. घरात मला कुत्रं म्हन, मी शेपटी हलवीन. तू माझ्याबरूबर एका चुलीला बसून धूर खाल्लायस. तिनं काय खाल्लंय? आन् परक्याफुडं? ती घरात हाय तवर माझ्या घशाखाली घास जायचा न्हाई.”

तिसऱ्या दिवशी बोलावण्यावरून वहिनीचे वडील दौंडहून आले. इस्त्रीची पँट, हातात रेक्झिनची पिशवी. अंगणात उभ्या उभ्याच त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, “आमच्या घरात असं वळण नाही हो. तिनं हा शब्द कधी ऐकलेलासुद्धा नाही.” आई म्हणाली, “म्हंजी आमच्याकडनं शिकली म्हनता?” ते बिचारे पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. खरं तेच होतं, आणि ते अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी वहिनीला पुढं बोलावलं. “पोरी, तुझ्या मनात वाईट नसंल बी. पन पंगतीत आसं बोलायचं तुला कुनी सांगितलं? कुनी सांगितलं आसंल तर नाव घे. इषय हितंच मिटंल.”

आप्पा शब्दाचे पक्के होते. मिटला असता. वहिनीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी खांबाला टेकून उभी होते आणि खांबावरचा सुटलेला रंग नखानं काढत होते. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, ‘मी सांगितलं.’ कॉलेजात जायची गोष्ट तेव्हा आप्पांच्या ओठावर आली होती, पत्रिका जुळली नाही ना, मग शिकू दे पोरीला, असं ते आदल्याच दिवशी बोलले होते. मी नखानं रंग काढत राहिले.

“कुणी नाही,” वहिनी म्हणाली. “माझ्याच तोंडातून गेलं.”

ती वडिलांबरोबर निघाली आणि दादा तिची पेटी घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत गेला. मी विहिरीवर जाऊन बसले. दोन महिन्यांनी शिरूरला माझं नाव घातलं. पुढं शिक्षक झाले, तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि वर्गात कुणी शिवी दिली की मी त्याला बाकावर उभं करायचे. शिवी कुणी दिली, कुणाला दिली, कुठं दिली, हे एकदाही विचारलं नाही. मी कुणाला विचारणार होते म्हणा.

वहिनी आठ महिने दौंडला होती. तिला परत आणवलं ते शेवटी आत्यानंच. एका दुपारी जुड्या बांधता बांधता तिनं सोपट फेकलं आणि म्हणाली, “ढिल्ल्या गाठी मारताय समद्या. त्या पोरीचा हात घट हुता. आना तिला.” वहिनी आली, आत्याच्या पाया पडली, आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळं झालं तसं रीतीनं झालं. पण आई तिला पुन्हा कधी सटवी म्हणाली नाही. सूनबाई, भाकरी टाका. सूनबाई, तुम्ही जेवून घ्या. दुपारी पडवीत शिव्या पुन्हा सुरू झाल्या, आईकडून आत्याकडं, आत्याकडून माझ्याकडं, त्या वहिनीला मात्र वळसा घालून जायच्या. ती मान खाली घालून घट्ट गाठी मारायची. बाहेरच्या बायका म्हणायच्या, सुनेला किती मान देते बघा शालनची आई. आईच्या शेवटच्या आजारपणात वहिनीनं तिचं सगळं केलं, कुशीवर वळवण्यापासून न्हाऊमाखू घालण्यापर्यंत. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा आई तिला म्हणाली, “सूनबाई, तुमाला लई तरास झाला.” मी शेजारी होते. मला उठून बाहेर जावं लागलं.

आणि मी? ती परत आली त्या दिवशी विहिरीवर मी तिला पाठीत धपाटा घालून म्हणाले होते, “ए भवाने, आलीस व्हय?” ती बाजूला सरकली आणि म्हणाली, “हो, वन्सं.”

हे प्रकरण लिहायला घेतलं आणि गेल्या महिन्यात ते इथं येऊन अडलं. पुढं हात चालेना. म्हणून मी वडगावला गेले. आई नाही, आत्या नाही, दादा वावरात होता. वहिनी पडवीत मेथीच्या ढिगापाशी बसली होती. तिचे केस पांढरे झालेत, बोलणं आमच्याहून गावाकडचं झालंय. मी तिच्यासमोर बसले, सोपट घेतलं आणि दोन जुड्या बांधल्यावर बोलले. म्हणाले, त्या दिवशी मी थट्टा केली नव्हती. मला ते स्थळ नको होतं. तुला मुद्दाम बोलायला लावलं मी.

ती बुडखा आपटत होती. म्हणाली, “ठावं हाय.”

“कवापासनं?”

“पंगतीतच. आत्याबाई ताटावरनं उठल्या आन् मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसत होता.”

मला ते आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. गुळवणीचं भांडं आठवतं, त्याचा चटका आठवतो, माझं हसणं आठवत नाही. पण ती खोटं बोलणारी नाही.

“मंग अंगणात माझं नाव का न्हाई घेतलंस?” मी विचारलं. तिनं गाठ ओढली, जुडी पाटीत टाकली. “तुमाला शिकायचं हुतं की,” म्हणाली, आणि मेथीची पुढची मूठ उचलली. मला रडू आलं. मी म्हणाले, “नले, एकदा तरी मला शिवी दे गं. काय तोंडाला यील ती दे. सटवी म्हण, भवानी म्हण.”

ती हसली, पदरानं हात पुसले आणि आत तोंड करून ओरडली, “ए भवाने, च्या ठेवलास का निजलीस? तुझ्या मायला बलवू का च्या करायला?” आतून तिची सून म्हणाली, “ठिवलाय की थेरडे, जरा दम काढ.” दोघी हसल्या, एक पडवीत, एक आत. मग वहिनी माझ्याकडं वळली आणि तिनं पदर सारखा केला.

“तुमाला साखर चालती का आता, वन्सं?”